लेदर परफ्यूममध्ये लेदर कुठे असतं?

या भागाचं हे लिखित रूप. इयरफोन घरी विसरलात, बसमध्ये गोंगाट आहे, तर वाचून काढा. बोलताना जे शब्द तोंडात आले ते बरेचसे तसेच ठेवलेत.

आज विषय वासाचा आहे. ऑनलाइन परफ्यूम बघायला गेलं की एक वर्णन हमखास दिसतं: "वुडी, स्मोकी लेदर. घनदाट जंगलापासून प्रेरित." फोटोत धुकं, उंच झाडं, कोपऱ्यात एखादं जळकं लाकूड. खाली किंमत, आणि ती बघून आपण निमूटपणे स्क्रोल करतो किंवा पुढच्या पगाराची वाट बघतो. माझ्या टीममधल्या एका जैन मैत्रिणीने असंच एक पान दाखवून मला विचारलं, "हे लेदर म्हणजे चामड्याचा अर्क का रे? मग मी लावू का नको?"

प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तरासाठी रशियातल्या बर्चच्या जंगलापासून आपल्या दिवाळीच्या उटण्यापर्यंत जावं लागतं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे पाकिटावर काय छापलंय त्यापेक्षा आत काय चालतंय हे बघायची खोड आहे. तेच आज या बाटलीचं करू.

थोडक्यात उत्तर आधीच देतो. लेदर परफ्यूममध्ये चामडं नसतं. ज्याला आपण "लेदरचा वास" म्हणतो, त्यातही मोठा वाटा झाडाचाच असतो.

चामड्याला चामड्याचा वास येत नाही

ऐकायला विचित्र वाटेल. पण कच्च्या कातड्याचा वास कोणाला विकत घ्यावासा वाटणार नाही. ते कुजू नये म्हणून कमवावं लागतं. जुन्या काळी या कामात मूत्र, विष्ठा, चुना असं काय काय वापरलं जायचं. म्हणून जगभर चामडं कमावणाऱ्यांची वस्ती गावाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला असायची. हे काम करणाऱ्या माणसांनाही समाजाने तसंच बाहेर ठेवलं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग तो छान, उबदार, किंचित कडवट वास येतो कुठून? नवी कोल्हापुरी चप्पल नाकाजवळ नेऊन बघा. पारंपरिक कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. साल आणि फळं यांच्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं आणि कातडं टिकाऊ होतं. त्या चपलेच्या वासात साल आहे, हिरडा आहे, वरून लावलेलं तेल आहे. म्हणजे चप्पल नवी असताना तुम्ही बऱ्याच अंशी झाडच हुंगत असता.

फ्रान्समधल्या ग्रास या गावाची गोष्टही इथूनच सुरू होते. आज ते परफ्यूमचं माहेरघर मानलं जातं, आणि तिथल्या अत्तरविद्येला २०१८ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण मुळात ते चामडं कमावणाऱ्यांचं गाव. श्रीमंतांचे चामडी हातमोजे घाण वास मारू नयेत म्हणून त्यांना फुलांचा सुगंध द्यायला लागले, आणि हातमोजे शिवणारे तेच अत्तर विकणारे असा एक व्यवसायच तयार झाला. पुढे हातमोजे मागे पडले, अत्तर राहिलं.

रशियातली भूर्जाची साल

आता परफ्यूमच्या दुनियेत "लेदर" म्हणतात तो वास मुख्यतः एका विशिष्ट चामड्यावरून आला. रशियन लेदर. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात हे चामडं युरोपभर जायचं. पुस्तकांची बांधणी, पेट्या, बूट, सगळ्याला चालायचं. विलोसारख्या झाडांच्या सालींनी ते कमवायचे आणि शेवटी त्यात बर्चच्या सालीचं तेल जिरवायचे. त्यामुळे चामडं पाण्याला दाद देत नसे, कीड लागत नसे, आणि त्याला धुरकट, गोडसर-कडू वास यायचा.

बर्च म्हणजे परका वाटेल, पण आपलं भूर्जपत्र आठवा. हिमालयातला भूर्ज बर्चच्याच घराण्यातला. आपल्याकडे त्या सालीवर पोथ्या लिहिल्या, तिकडे तीच साल तापवून डांबर काढलं.

कृती सोपी आहे. साल बंद भांड्यात दाबून भरायची आणि बाहेरून तापवायचं. आत हवा जवळजवळ नाही, त्यामुळे साल पेट घेत नाही, आतल्या आत फुटत जाते आणि काळा चिकट द्रव ठिबकतो. हेच बर्च टार. माणसाला हे फार आधीपासून माहीत आहे. इटलीत सापडलेल्या, सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर बर्चचं डांबर चिकटलेलं मिळालं. निअँडरथल मानव दांड्याला दगड बसवायला ते वापरायचे. म्हणजे परफ्यूमच्या महागड्या बाटलीतला हा घटक खरं तर माणसाच्या सर्वांत जुन्या गोंदांपैकी एक आहे.

आणि तो चामड्याला किती जपतो? १७८६च्या डिसेंबरात "मेट्टा कॅथरिना" नावाचं जहाज सेंट पीटर्सबर्गहून जेनोआकडे निघालेलं असताना इंग्लंडमध्ये प्लिमथजवळ वादळात बुडालं. पोटात रशियन चामड्याचे गठ्ठे होते. १९७३ साली पाणबुड्यांना ते सापडले. पावणेदोनशेहून जास्त वर्षं समुद्राच्या चिखलात पडूनही त्यातलं बरंच चामडं वापरण्याजोगं होतं. त्यातून नव्या वस्तू शिवल्या गेल्या!

धूर म्हणजे तुटलेलं लाकूड

इथे थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, दोन-तीनच नावं आहेत.

लाकूड ताठ उभं राहतं त्याचं एक कारण लिग्निन नावाचा पदार्थ. मोठी, गुंतागुंतीची साखळी. ती उष्णतेने तुटली की लहान लहान रेणू सुटतात. त्यातला एक ग्वायाकॉल, दुसरा सिरिंगॉल. या दोघांना धुराचा वास येतो. चुलीवर वांगं भाजताना जो वास भरताला लागतो, त्यात हेच आहेत. भाजलेल्या कॉफीतही ग्वायाकॉल असतं. तिसरी मंडळी क्रेसॉल. त्यांचा वास गोठा किंवा घोड्याचा तबेला आठवून देतो.

बर्च टारमध्ये हे सगळे एकत्र असतात. मेंदूला सिग्नल मिळतो: धूर, तबेला, साल. मेंदू म्हणतो: लेदर! आपल्या नाकात साधारण ४०० प्रकारचे वास ओळखणारे रिसेप्टर असतात आणि त्यांच्या कॉम्बिनेशनवरून मेंदू वास ठरवतो. रिसेप्टरचं हे सगळं घराणं शोधून काढण्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४चं नोबेल मिळालं. परफ्यूम बनवणारा माणूस याच गोष्टीचा फायदा घेतो. त्याला चामडं नको, चामड्याचा सिग्नल हवा.

दुसरा रस्ता पूर्णपणे प्रयोगशाळेतला. आयसोब्युटिल क्विनोलिन नावाचा रेणू आहे. कडवट, हिरवट, मातकट, आणि नव्या जॅकेटसारखा. १९४४ साली जर्मेन सेलिए या परफ्यूमर बाईंनी रॉबेर पिगे या फॅशन हाऊससाठी "बँडिट" तयार केलं, त्यात हा रेणू चांगला ठळक वापरलेला आहे. बायकांच्या परफ्यूममध्ये फुलंच पाहिजेत अशी अपेक्षा असण्याचा तो काळ. अशा काळात एका बाईने बायकांसाठी काळं, कडू लेदर बनवलं. आजही लेदर परफ्यूमची चर्चा निघाली की बँडिटचं नाव निघतंच.

मऊ लेदर हवं असेल, म्हणजे स्वेडसारखं, तर केशराच्या अंगाचे रेणू वापरतात. केशराच्या डबीत नाक खुपसलंत तर एक चामड्यासारखी झाक लागते, ती हीच.

मग जंगल कुठून येतं?

जंगलाचा वास हीसुद्धा एक जुळवाजुळव आहे. पाइनच्या झाडातून पायनीन येतं, तो तिखट-ताजा वास. जमिनीतून जिओस्मिन येतं. पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास आपण ओळखतो, त्यातला हा महत्त्वाचा रेणू, मातीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात. आपलं नाक त्याच्याबाबतीत कमालीचं तेज आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी अनेकांना कळतो.

पण परफ्यूममधलं जंगल पहिल्यापासून थोडं काल्पनिकच आहे. १८८२ साली पॉल पार्के यांनी उबिगाँ या कंपनीसाठी "फुजेर रोयाल" बनवलं. फुजेर म्हणजे नेचा, फर्न. नेच्याला सांगण्यासारखा वासच नसतो! पार्के यांनी त्यात कृत्रिम कूमारिन वापरलं, जे पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ साली प्रयोगशाळेत तयार केलं होतं. वाळल्या गवतासारखा वास. त्या एका बाटलीवरून परफ्यूमचा आख्खा एक प्रकार निघाला, आणि त्याचं नाव आजही "फुजेर". नसलेल्या वासाचं जंगल, पण लोकांना पटलं.

उटण्यातलं जंगल

आता आपल्या घरात या. दिवाळीच्या पहाटे उटणं लावतो, त्यात काय असतं? आंबेहळद, कचोरा, चंदन, वाळा आणि नागरमोथा. शेवटच्या दोघांकडे लक्ष द्या.

वाळा म्हणजे व्हेटिव्हर. माठात टाकतो तो. त्याच्या मुळांच्या तेलात लाकूड, माती आणि थोडा धूर असतो. जावा बेटावरचं तेल तर जास्तच धुरकट म्हणून ओळखलं जातं. जगभरच्या वुडी परफ्यूममध्ये, खासकरून पुरुषांच्या, वाळा असतो.

नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या जातकुळीतली, ओलसर जागी वाढणारी गवतासारखी वनस्पती. तिच्या मुळांपासून तेल काढतात, आणि परफ्यूमच्या बाजारात ते "सिप्रिओल" या नावाने फिरतं. वास कसा? लाकडी, धुरकट, चामड्यासारखा. "स्मोकी वुड" किंवा "ऊद" असं लिहिलेल्या पुष्कळ बाटल्यांत हे वापरतात. हे तेल मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जातं. म्हणजे आजीच्या डब्यातली नागरमोथ्याची पूड आणि परदेशी ब्रँडची काळी बाटली, दोन्हींचा धागा एकच.

साल तापवून अर्क काढायच्या रशियन पद्धतीला आपल्याकडे भावंडही आहे. उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये "चोया" नावाची पद्धत आहे. सालवृक्षाची राळ किंवा समुद्री शिंपल्या भांड्यात भाजून त्यांचा अर्क धरायचा. राळेचा चोया धुरकट आणि चामड्यासारखा असतो. गंमत बघा, कनौजचं अत्तर पूर्वी उंटाच्या चामड्याच्या कुप्प्यांत ठेवायचे. त्यातून पाण्याचा अंश बाहेर निघून जायचा आणि तेल आत राहायचं. इथे मात्र चामडं खरंखुरं होतं, पण बाहेरून.

"नॅचरल" लिहिलंय म्हणून निर्धास्त?

आता मुद्द्याचं बोलतो, कारण इथे आपले पैसे आणि आपली कातडी दोन्ही गुंतलेत.

"शंभर टक्के नैसर्गिक" वाचलं की आपल्याला बरं वाटतं. पण बर्च टार पूर्ण नैसर्गिक आहे, आणि तरीही कच्चं बर्च टार परफ्यूममध्ये चालत नाही. लाकूड अर्धवट जळताना बेंझोपायरीनसारखे पदार्थ तयार होतात आणि ते कॅन्सरकारक आहेत. सिगारेटच्या धुरातही ते असतात. म्हणून इफ्रा, म्हणजे सुगंध उद्योगाची १९७३पासूनची आंतरराष्ट्रीय संघटना, फक्त शुद्ध केलेलं तेल वापरू देते, आणि तयार परफ्यूममध्ये अशा ठरावीक पदार्थांचं प्रमाण एक अब्जात एक भाग इतकंच ठेवायला लावते. हे उद्योगाचे स्वतःचे नियम आहेत, सरकारी कायदा नव्हे. मोठ्या कंपन्या ते पाळतात. गल्लीतल्या किंवा रील्सवरच्या "होममेड नॅचरल स्मोकी लेदर"वाल्याने ते पाळले का, हे तुम्हालाच विचारायचंय.

दुसरं उदाहरण ओकमॉसचं. युरोपात ओकच्या झाडावर वाढणारं हे दगडफूल. हो, आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलासारखंच लायकेन. ओल्या जंगलाचा वास देण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. पण त्यातले ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल हे घटक त्वचेला जबरदस्त ॲलर्जी आणतात. युरोपीय संघाने २०१७च्या नियमाने ते सौंदर्यप्रसाधनांत बंद केले. आता एकतर हे घटक काढून टाकलेलं ओकमॉस वापरतात किंवा एव्हरनिलसारखा प्रयोगशाळेतला रेणू.

ॲलर्जीची एक गोष्ट नीट समजून घ्या. शरीराने एकदा एखाद्या रेणूला शत्रू ठरवलं की ते सहसा कायमचं असतं. नंतर थोडासाही संपर्क आला तरी खाज, पुरळ. त्यामुळे "नैसर्गिक आहे, काही होत नाही" म्हणून मानेवर दहा फवारे मारण्यात शहाणपण नाही.

आणि खरं जंगल?

"जंगलापासून प्रेरित" बाटलीने जंगलच संपवलं तर? ही भीती पोकळ नाही.

ऊद घ्या. मराठी घरात ऊद म्हणजे धूप घालायचा लोबान. पण परफ्यूमवाल्यांचा "ऊद" म्हणजे अगर, ज्यावरून अगरबत्ती शब्द आला. आसाम, त्रिपुरा आणि आग्नेय आशियातल्या अगरवृक्षाच्या खोडाला जखम होऊन बुरशी लागली की झाड बचावासाठी काळी राळ तयार करतं. तीच सुगंधी. जंगलातल्या सगळ्याच झाडांत ती नसते, आणि बाहेरून सहज कळतही नाही. मग लोक शोधायला म्हणून झाडं तोडत गेले. अगरच्या मुख्य जातीला १९९५ साली साईट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात टाकलं, २००४मध्ये अगरच्या उरलेल्या जातींनाही तसंच संरक्षण देण्याचा निर्णय झाला. २०१८ साली त्या मुख्य जातीची नोंद "अतिधोक्यात" अशी झाली. आज लागवडीतला अगर मिळतो, ते चांगलं आहे. पण दोन-चारशे रुपयांच्या बाटलीवर "प्युअर ऊद" लिहिलं असेल तर आत शुद्ध ऊद नाही, एवढं तरी समजून घ्या. आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, एक झाड वाचलं.

म्हणून मला प्रयोगशाळेतला रेणू शिवीसारखा वाटत नाही. त्याचाही कच्चा माल कुठून तरी येतो, अनेकदा खनिज तेलातून, तेव्हा तोही अगदी निष्पाप नाही. पण दर वर्षी उगवणारा नागरमोथा, शेतातला वाळा आणि थोडे कृत्रिम रेणू यांतून उभं केलेलं जंगल, हे तोडून आणलेल्या जंगलापेक्षा मला जास्त प्रामाणिक वाटतं.

मैत्रिणीचं उत्तर, आणि तुमच्यासाठी चार गोष्टी

मैत्रिणीला मी सांगितलं ते असं. चामडं नाही, ते पक्कं. पण जुन्या लेदर परफ्यूममध्ये कॅस्टोरियम वापरायचे, जे बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथीतून येतं. कस्तुरीची कथाही आपल्याला माहीत आहेच. आता बहुतेक ठिकाणी यांची जागा कृत्रिम रेणूंनी घेतलीय. पण लेबलवर नुसतं "परफ्यूम" एवढंच छापतात, त्या एका शब्दामागे पन्नास-शंभर घटक लपू शकतात. त्यामुळे प्राणिज काहीच नको असेल तर "व्हीगन" असं स्पष्ट लिहिलेलं घ्यायचं किंवा कंपनीला विचारायचं. "लेदर" या शब्दाला घाबरायचं कारण नाही.

बाकी सगळ्यांसाठी:

एक, मोठी बाटली आधी घेऊ नका. दोन-पाच मिलीचं सॅम्पल घ्या. लिंबू, मिरी, पाइन हे हलके रेणू पहिल्या काही मिनिटांत उडून जातात. धूर, लेदर, लाकूड हे जड, ते तासन्‌तास राहतात. दुकानात पाच मिनिटांत जे आवडतं त्याच्याबरोबर तुम्ही दिवस काढणार नसता. चार तासांनी मनगटावर जे उरतं, त्याचे पैसे द्यायचे असतात.

दोन, कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा मारून एक-दोन दिवस थांबा. खाज, लाली आली तर विषय संपला.

तीन, आपल्या हवेचा विचार करा. उन्हाळ्यात अंगाच्या उष्णतेने परफ्यूम झपाट्याने सुटतो. थंड देशात सौम्य वाटणारा धूर मे महिन्यातल्या लोकलमध्ये शेजाऱ्याला "काहीतरी जळतंय का?" असं विचारायला लावेल. पावसाळा आणि थंडी हे या वासाचे खरे दिवस. फवारे दोन, फार तर तीन. थोड्या वेळाने आपल्याला आपलाच वास कळेनासा होतो, इतरांना मात्र कळत असतो.

चार, वर्णनातलं जंगल वाचून किंमत मोजू नका. धुकं आणि देवदार फोटोग्राफरचे असतात. परवडत नसेल तर वाण्याकडून वाळा आणि नागरमोथा आणा, नुसता हुंगून बघा. लाकूड, धूर आणि चामडं या तिन्ही गोष्टी नाकाला ओळखता आल्या की पुढच्या वेळी बाटली तुम्हाला फसवू शकणार नाही.

तुमच्या घरच्या उटण्यात नागरमोथा आहे का, हे आईला किंवा आजीला नक्की विचारा. पुढच्या भागात भेटू. तोवर नाक उघडं ठेवा!